खेकड्याच्या खिडकीला पडदे

मास्तरांनी आयुष्यात कुणाला बाराखडी शिकवली नाही. ते पडदे शिवायचे. शिवणकाम करणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात तसं त्यांनाही म्हणायला लागले आणि मग त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, नवऱ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलेल्या, निवृत्तीनंतर स्वतःची पेन्शन घेणाऱ्या; पण त्यांना नाव मिळालं ते नवऱ्याच्या कात्रीवरून. याचा त्यांना राग यायचा आणि तो त्या अधूनमधून चारचौघांत बोलूनही दाखवायच्या.

पडदेवाल्याला गावातली घरं आतून माहीत असतात. मास्तर दारात चपला काढायचे, घरच्यांना नमस्कार करायचे आणि थेट खिडकीकडे जायचे. टेप बाहेर. रुंदी, उंची, दांडीसाठी वर किती जागा, कापड जमिनीवर लोळणार की कट्ट्याशी थांबणार. कुठल्या चौकटीचा एक कोपरा खचलाय, कुठल्या दोन खिडक्या जुळ्या वाटतात पण नाहीत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एक गोष्ट मात्र कधी सांगता आली नाही. संध्याकाळी बाई चहाचा कप पुढे ठेवून विचारायच्या, "काय दिसतं हो त्या खिडकीतून?" आणि मास्तर कपाळाला आठ्या घालून बसायचे. त्यांनी खिडकी बघितलेली असायची. खिडकीतून बघायचं राहून गेलेलं असायचं. बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायच्या.

मास्तरांना बघण्याची हौस नव्हती असा याचा अर्थ कुणी काढू नये. हौस होती आणि दांडगी होती, पण ती इमारतींची. त्याही राजेरजवाड्यांच्या काळातल्या नव्हेत. मास्तर तरुण असताना गावात सिमेंट-काँक्रीटच्या ज्या नव्या इमारती उठल्या, ज्यांच्याकडे बघून निम्मं गाव नाक मुरडायचं, त्या.

सुरुवात वाचनालयापासून झाली. मास्तर तेव्हा उस्तादांच्या हाताखाली उमेदवारी करत होते. वाचनालयाची नवी इमारत समुद्राकडे तोंड करून बांधली होती. पश्चिमेच्या अख्ख्या भिंतीला काच आणि काचेच्या बाहेर सिमेंटच्या उंच उभ्या पट्ट्या, जराशा तिरक्या ठेवलेल्या. दुपारचं ऊन वाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर येईल या भीतीने ग्रंथपालांनी आधीच पडदे सांगून टाकले. उस्तादांनी मास्तरांना माप घ्यायला धाडलं. मास्तरांनी माप घेतलं आणि आता ऊन कुठून शिरतंय ते बघू म्हणून बसून राहिले. ऊन शिरेना. एका पट्टीवर पडायचं, तिच्यावरून सरकायचं आणि पुढच्या पट्टीशी अडकायचं. दुपार कलली तरी टेबलावर नुसता उजेड, ऊन नाही. मास्तर ग्रंथपालांना म्हणाले, साहेब, पडदे कशाला, बांधणाऱ्यानेच सिमेंटचे शिवून ठेवलेत. ग्रंथपाल खूश झाले. उस्ताद झाले नाहीत. हातचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून त्यांनी मास्तरांची अशी खरडपट्टी काढली की दुसरा कुणी असता तर त्याने इमारतींचं नाव टाकलं असतं. मास्तरांना उलट नाद लागला.

गावाने या इमारतींना आपल्या परीने नावं ठेवली होती. वाचनालय म्हणजे कंगवा. टेलिफोन एक्स्चेंजच्या भिंतींना वाऱ्यासाठी भोकाभोकांच्या विटा लावलेल्या, म्हणून ती चाळण. समुद्राच्या भरतीने भरणारा पोहण्याचा तलाव होता, त्याच्या काठी उडी मारायचा काँक्रीटचा मनोरा, त्याचं नाव जिराफ. मास्तरांना ही नावं पसंत नव्हती, पण बोलताना तेही तीच वापरायचे. परगावचा कुणी भेटला की ते त्याला हाताला धरून न्यायचे आणि समजावून सांगायचे की हे सगळं बाहेरून उचलून आणून ठेवलेलं नाही, इथल्या उन्हाचं, इथल्या खाऱ्या वाऱ्याचं माप घेऊन बेतलेलं आहे. भिंतीवर हात फिरवायला लावायचे. काँक्रीट ओतताना ज्या फळ्या लावल्या होत्या त्यांच्या रेघा, गाठीसकट, भिंतीवर उमटलेल्या असायच्या. लाकूड कधीच जळून गेलं असेल, रेघ राहिली आहे, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा जड व्हायचा. परगावचा माणूस घड्याळ बघायचा.

बाईंना यातलं काडीइतकंही कौतुक नव्हतं. "तुमची चाळण बाहेरून छान आहे हो," त्या म्हणायच्या. "आत बसून बघा. भोकाभोकात कबुतरं. चहात पिसं पडायची." बाईंचं वेड वेगळं होतं. आठवडाभर कानाला हेडफोन लावून परक्यांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना जिथे कुणी कुणाशी बोलत नाही अशी जागा लागायची. ती त्यांना ओहोटीच्या किनाऱ्यावर सापडली. साडी घोट्याच्या वर खोचून त्या ओल्या वाळूत उकिडव्या बसायच्या आणि बिळातून वाळूच्या गोळ्या बाहेर टाकणारे खेकडे बघायच्या. कुठला पक्षी चिखलात चोच मुळापर्यंत खुपसतो, कुठला नुसता वरवर टोचून पुढे पळतो, मर्यादवेलीची जांभळी फुलं किती वाजता मिटतात, हे सगळं त्यांनी बघून बघून स्वतःपुरतं जमवलं होतं. पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं, ते कंगव्यातून इतक्या वेळा घरी आलं की ग्रंथपाल म्हणाले, बाई, आता आम्हालाच तुमच्याकडून मागून न्यावं लागेल.

रविवारी सकाळी दोघं समुद्राकाठच्या रस्त्याने निघायचे. रस्ता एकच, पण मास्तरांचं तोंड गावाकडे आणि बाईंचं पाण्याकडे. दोघंही बोलत असायचे, एकमेकांचं ऐकत असायचे असं नाही. ओळखीचे लोक हसायचे, की या दोघांचं भांडण झालंय की काय. भांडण नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात याच्याइतकं गोडीगुलाबीने दुसरं काहीच पार पडत नव्हतं.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी ते जिराफाशी पोचले. तिथे दोघांचंही काम असायचं. मास्तरांचं वर, बाईंचं खाली, तलावाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर, जिथे कडेकडेने शिंपल्या चिकटलेल्या असायच्या. मास्तर मान वर करून बघत होते. मनोऱ्याच्या खालच्या बाजूला कुणीतरी नवं सिमेंट थापलं होतं आणि रंग जुळला नव्हता. त्यांना भयंकर राग आला आणि ते त्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले. बाईंचं उत्तर येईना तेव्हा त्यांनी मागे बघितलं. बाई शेवाळलेल्या पायरीवर आडव्या होत्या, एक पाय भलत्याच बाजूला, आणि डोळे उघडे. ओरडल्यासुद्धा नव्हत्या. त्या कधी पडल्या हे मास्तरांना कळलंच नव्हतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं. ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायला लागली. ती काका-काकू म्हणायची, हसतमुख होती, आणि आपलं काम तिला चांगलं येत होतं. बाई कॉटवर बसून सांगितलेले सगळे व्यायाम करायच्या. पण उभं राहून चालायची वेळ आली की घोडं अडायचं.

त्या दिवसानंतर मास्तरांनी बाईंवरची नजर काढली नव्हती. डोळ्यात तेल घालून बसणं म्हणतात ते त्यांनी अक्षरशः केलं. बाई वॉकरला धरून उभ्या राहिल्या की मास्तरही उभे. बाईंनी पाऊल उचललं की यांचे दोन्ही हात पुढे, श्वास रोखलेला, भुवया कपाळात गेलेल्या. वॉकर जरा करकरला तरी यांच्या तोंडून "अगं, अगं" निघायचं. बाई दोन-तीन पावलं टाकायच्या, मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज नको." मग खुर्चीत बसायच्या. चाकाची खुर्ची चार दिवसांसाठी म्हणून आणली होती. ती तिथेच राहिली आणि हळूहळू तिच्या पाठीवर टॉवेल वाळत पडायला लागले.

एकदा जाताना त्या मुलीने मास्तरांना जिन्यात थांबवलं. म्हणाली, काका, हाड जुळलंय, पायात ताकद आहे, दुखतही नाही असं काकूच सांगतात. त्यांना कुणी अडवलेलं नाही. पण आणखी थोडे महिने अशाच बसून राहिल्या तर पाय चालणं विसरेल, आणि मग मी येऊनही उपयोग नाही. मास्तर घरात गेले आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी डोळे फाडून बघायला लागले.

त्यांना सगळ्यात जास्त कशाने खाल्लं असेल तर बाईंनी विचारणं बंद केलं त्याने. घराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचा जिना होता. बाई दिवसभर त्या जिन्याकडे तोंड करून बसायच्या. मास्तर कामावरून आले तरी त्या खिडक्यांची चौकशी करायच्या नाहीत. मग मास्तरांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. आता ते माप घेऊन झालं की जाणीवपूर्वक मान वर करायचे आणि बाहेर बघायचे, आणि जे दिसेल ते घरी घेऊन यायचे. पण सवय नव्हती. डॉक्टरांच्या नव्या फ्लॅटमधून समुद्र दिसतो, ते म्हणाले. कसा आहे, बाईंनी विचारलं. मास्तरांनी खूप विचार केला आणि म्हणाले, बराच आहे. बाईंनी मान हलवली. पूर्वी याच उत्तरावर त्यांनी नवऱ्याला आठवडाभर सळो की पळो करून सोडलं असतं.

अशात खेकड्याचं बोलावणं आलं.

खेकडा म्हणजे गावाबाहेर खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या टेकड्यांमागे दडून बसलेलं एक घर. मास्तरांनी ते बाहेरून बघून बघून पाठ केलं होतं, पण आत पाऊल टाकायची संधी कधी आली नव्हती, कारण त्या घराला पडदेच नव्हते. ते बांधणाऱ्या आर्किटेक्टबाई तिथेच राहायच्या, आपल्या धाकट्या बहिणीबरोबर, आणि आपल्या भिंतीला खिळा मारणाऱ्याचे हात तोडीन असं म्हणायच्या अशी त्यांची ख्याती होती. थोरल्या बाई वारल्या. वर्ष झालं, आणि धाकट्या बाईंनी मास्तरांना फोन केला.

रस्त्यावरून घर जवळजवळ दिसत नाही. वाळूइतकंच उंच एक सपाट छप्पर, त्यावर वाळू साचून मर्यादवेल चढलेली, आणि खाली उतरणारा लांब उतार. पायऱ्या नाहीत, वाळूवर पायरी टिकत नाही असं थोरल्या बाईंचं म्हणणं होतं. उतार संपला की दार, आणि दाराच्या आत एक लांबलचक खोली. दाराशी अंधार आणि पलीकडच्या टोकाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली खिडकी. कट्टा बसण्याइतक्या उंचीवर. बाहेर छप्पर इतकं पुढे काढलेलं की दुपारीही काचेवर सावली. मास्तर दाराशीच उभे राहिले. मग त्यांनी भिंतीला तळवा लावला, आणि धाकट्या बाई बघतायत हे लक्षात आल्यावर घाईने काढून घेतला.

"बाई, हिला पडदे कशाला?" त्यांनी विचारलंच. उस्तादांची शिकवण आयुष्यभर अंगी लागली नव्हती ती आता काय लागणार.

"मला दुपारी झोपायचंय, मास्तर," धाकट्या बाई म्हणाल्या. "गडद अंधार करून, मनसोक्त. ताई दुपारच्या झोपेला आजार समजायची. ती त्या टेबलाशी बसायची आणि मी डोळा मिटला की तिला तिथून दिसायचं." त्या रागावून बोलत नव्हत्या. ताईची आठवण त्यांना रोज येत होती, आणि झोपही रोज येत होती.

मास्तरांनी टेप काढली. माप घेतलं, लिहिलं, आणि मग बायकोसाठी मान वर केली. खाडीला ओहोटी होती. चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर पाण्याचा पातळ थर चमकत होता. त्या थरात एक काळा-पांढरा पक्षी लांब पायांवर चालत होता, चोच पाण्यात घालून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत, झाडू मारल्यासारखी. आणि चोच वर वळलेली होती. मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत बघितलं. वरच.

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं, आणि कित्येक महिन्यांनी बाईंची मान ताडकन वळली. "खाली," त्या म्हणाल्या. "खाली वळलेली असते."

मास्तर म्हणाले, वर. बाई म्हणाल्या, लांब चोचीचा, खाली बाक असलेला पक्षी खाडीवर दर हिवाळ्यात येतो, तोच तो. मास्तर म्हणाले, आयुष्यभर झालरींचे बाक कापलेत, बाक वर आहे की खाली हे मला कळत नसेल तर कात्री समुद्रात टाकतो. शब्दाने शब्द वाढत गेला. जेवताना वाढला, दिवा मालवल्यावरही वाढला. दुसऱ्या दिवशी बाईंनी कंगव्यातून ते जाडजूड पुस्तक मागवलं आणि चाकाच्या खुर्चीत मांडीवर घेऊन पानं उलटली. एका चित्रावर मास्तरांनी बोट ठेवलं. हाच. बाईंनी चित्राकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या की इतक्या वर्षांत आपण हा पक्षी या चित्राबाहेर पाहिलेला नाही, तो या खाडीवर येत नाही, आणि ज्या माणसाला समुद्र बराच दिसतो त्याच्या साक्षीवर तो आलाय असं आपण धरून चालणार नाही.

"मग चल बघायला," मास्तर बोलून गेले आणि बोलल्यावर घाबरले.

बाईंनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "पडदे कधी लावायचेत?"

पडदे लावायच्या दिवशी टॅक्सीत मागे बाई, पुढे मास्तर, डिकीत खुर्ची आणि दांडी खिडकीतून बाहेर, अशी वरात निघाली. बाईंनी वॉकर घरीच ठेवायला लावला, टॅक्सीत कोंबायला नको म्हणून. काठी मात्र सोबत घेतली. उतारावरून मास्तरांनी खुर्ची अशी उतरवली की मुंगीने शर्यत जिंकली असती. पायऱ्या न बांधणाऱ्या थोरल्या बाईंचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले. धाकट्या बाईंनी मास्तरीणबाईंचं स्वागत केलं, खुर्ची दाराजवळ सावलीत लावून दिली आणि चहा ठेवायला बाजूच्या स्वयंपाकघरात गेल्या.

मास्तर शिडी खिडकीशी लावून चढले. भिंतीत आधार ठोकताना त्यांना कानकोंडं झालं, पण काम ते काम. दांडी लांब होती, मधोमध जोडलेली. तिचं डावं टोक बसलं. उजवं बसवायला त्यांनी दोन्ही हात पसरले, ओठांत स्क्रू धरला, आणि दांडी डोक्यावर तोलून धरत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अशा अवस्थेत माणसाला नाक खाजलं तरी काही करता येत नाही.

"आहे का हो तो?" मागून बाईंनी विचारलं.

मास्तरांनी बाहेर बघितलं. ओहोटी होती, चिखल उघडा होता, आणि तो होता. त्यांनी हुंकार दिला. दाराशी बसून बाईंना नुसता उजेडाचा पट्टा दिसत असणार हे त्यांच्या लक्षात आलं. दांडी बसली की खुर्ची पुढे आणतो, असं त्यांना म्हणायचं होतं, पण तोंडात स्क्रू होता.

तेवढ्यात मागे खट् आवाज झाला. खुर्चीच्या चाकाला ब्रेक लावल्याचा. हा आवाज मास्तर ओळखत होते; उठायचं असेल तेव्हाच तो लावतात. मग काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. स्क्रू खाली पडला.

"अगं—"

"मागे वळू नका," बाई म्हणाल्या.

"अगं, थांब, मी येतो—"

"तुम्ही समोर बघा. आणि मला सांगा, तो काय करतोय."

दांडी सोडली असती तर काचेवर कोसळली असती हे खरं, पण मास्तर वळले नाहीत ते त्यामुळे नाही. बाईंच्या आवाजात जुना, एक्स्चेंजमधला आवाज होता, लाइन तोडू नका असं सांगणारा. ते समोर बघत राहिले. तो चालतोय, ते म्हणाले. चोच फिरवतोय. मागून चप्पल घासत पुढे आली, मग काठी. चिखल कुठवर उघडा आहे, बाईंनी विचारलं. पार होड्यांच्या तरंगत्या बोयाच्या पुढपर्यंत, मास्तर म्हणाले. आणखी कोण आहे? बारके आहेत, पुष्कळ, पळतायत. पळून थांबतात की पळतच राहतात? थांबतात. टोचतात. पुन्हा पळतात. काठी. चप्पल. मग काहीच आवाज नाही. मास्तरांच्या मानेची प्रत्येक शीर मागे वळायला निघाली होती.

"बोला ना," मागून आवाज आला, जरा धापा टाकत. "का थांबलात?"

मग मास्तर बोलत सुटले. पाण्याचा रंग, पलीकडच्या काठावरची उलटी होडी, ढगाची सावली चिखलावरून सरकतेय ती, एक बगळा आलाय आणि कुणालाही विचारत नाहीये, तो काळा-पांढरा आता वळलाय, आता परत येतोय, पाय लाल नाहीत, निळसर आहेत. त्यांना यातलं निम्मं नीट दिसतही नव्हतं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आयुष्यभर खिडकीतून न बघितलेलं सगळं ते एका दमात सांगत होते. आणि मागचा आवाज जवळ येत होता.

शिडी किंचित हलली. बाईंनी तिला धरलं होतं. मग त्या सावकाश कट्ट्यावर बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि बाहेर बघत राहिल्या.

"वर आहे हो चोच," त्या म्हणाल्या. "तुमचंच खरं."

मास्तरांना आता चोचीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्यांनी उजवं टोक कसंबसं आधारात अडकवलं, खाली उतरले आणि बायकोशेजारी बसले. त्यांनी विचारलं की इतके दिवस पाय दुखत होता का, की भीती वाटत होती.

"पाय नाही दुखत," बाई म्हणाल्या. त्या बाहेरच बघत होत्या. "तुम्ही असे बघत उभे राहायचात ना समोर... तुमचं तोंड बघितलं की मला वाटायचं, मी पडतेच आहे."

मास्तर वाकून खाली पडलेला स्क्रू शोधायला लागले.

"तुमच्यावर रागावून नाही म्हणत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला परत मला तसं पडलेलं बघायला लागू नये, म्हणून मीच बसून घ्यायची."

धाकट्या बाई चहा घेऊन आल्या तेव्हा खुर्ची दाराशी रिकामी आणि नवरा-बायको खिडकीशी. चहा झाल्यावर मास्तरांनी पडदे चढवले आणि धाकट्या बाईंनी स्वतःच्या हाताने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघितले. खोलीत गडद अंधार झाला. त्या अंधारात त्या एकट्याच खुदकन हसल्या, आणि मास्तरीणबाईंनाही हसू आलं.

आता रविवारी सकाळी दोघं पुन्हा त्या रस्त्याने निघतात, पण बरोबरीने नाही. मास्तर पुढे, बाई मागे, असा बाईंचा हुकूम आहे. मास्तरांनी इमारती बघायच्या, मोठ्याने बोलायचं आणि मागे वळायचं नाही. लोकांना वाटतं म्हातारा बायकोला मागे टाकून आपला पुढे चालतो. एक-दोघांनी तर त्यांना तोंडावर तसं सुनावलंही. मास्तर मूग गिळून ऐकून घेतात. परवा कंगव्याशी पोचले तेव्हा मागचा काठीचा आवाज थांबला. बाई वाळूतला खेकडा बघायला थांबल्या असतील, किंवा दम खायला, किंवा आणखी कशाला. मास्तरही थांबले. वाचनालयाच्या पट्ट्यांवर दुपारी ऊन कसं अडतं ते ठरल्याप्रमाणे मोठ्याने सांगत राहिले, सगळं लक्ष मागे असल्याने एकही पट्टी दिसत नसताना, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून, काठी पुन्हा वाजेपर्यंत.